आईच्या ट्रायथलॉनसाठी भेटवस्तू निवडताना: आधी माप, मग खरेदी

यवतमाळ जिल्ह्यात, दारव्हा तालुक्यातल्या आमच्या घरी लोखंडी कपाटाच्या वरच्या खणात एक हेल्मेट बरेच दिवस पडून होतं. आईला मीच दिलेलं, तिच्या ट्रायथलॉनसाठी, म्हणजे पोहणं, सायकल आणि पळणं सलग करायच्या स्पर्धेसाठी. डोक्याचं माप न घेता, अंदाजाने. ती सकाळी सायकल चालवून आली की कपाळावर लाल वळ दिसायचा. विचारलं की म्हणायची, "काही होत नाही बाई, चालते मले." मग एक दिवस तिने गपचूप ते कपाटात ठेवलं आणि डोक्याला रुमाल बांधून जाऊ लागली. सर्वांत वाईट हेच झालं, कारण माझ्या भेटीमुळे ती विनाहेल्मेट रस्त्यावर आली.

नंतर ओळखीच्या घरांतही हेच पाहिलं. कुठे पायाला न बसणारे बूट, कुठे आपल्याकडच्या पाण्यात कधीच न लागणारा वेटसूट (अंगाला ऊब देणारा पोहण्याचा सूट), कुठे पाणी शिरणारा गॉगल. वस्तू वाईट नसतात. क्रम उलटा असतो: आधी वस्तू आवडते, मग ती आईला बसवायचा प्रयत्न होतो. खालचे टप्पे आहेत त्याच क्रमाने करा. पहिल्या दोन टप्प्यांत एक रुपयाही खर्च होत नाही, पण ते गाळले की पुढचा सगळा खर्च बुडतो.

टप्पा १: पंधरा दिवस नुसतं बघा

"तुला काय पाहिजे?" हा प्रश्न विचारू नका. उत्तर ठरलेलं आहे: "मले काही नाही लागत." त्याऐवजी एक वही घ्या आणि तीन गोष्टी लिहा.

१. ती कोणत्या स्पर्धेची तयारी करते आहे? स्प्रिंट म्हणजे ७५० मीटर पोहणं, २० किलोमीटर सायकल, ५ किलोमीटर पळणं. ऑलिम्पिक अंतर म्हणजे १.५, ४० आणि १० किलोमीटर. अर्ध आयर्नमन, ज्याला ७०.३ म्हणतात, त्यात १.९ किलोमीटर पोहणं, ९० किलोमीटर सायकल आणि २१.१ किलोमीटर पळणं. गोव्यात २०१९ मध्ये सुरू झालेली स्पर्धा या शेवटच्या प्रकारातली, आणि तिथे समुद्रात पोहायचं असतं. स्प्रिंटची तयारी करणाऱ्या बाईला आणि गोव्याची तयारी करणाऱ्या बाईला लागणाऱ्या वस्तू सारख्या नसतात.

२. सराव कुठे आणि किती वाजता होतो? जिल्ह्याच्या ठिकाणच्या तरण तलावात, की गावाजवळच्या तलावात? डांबरी रस्त्यावर, की पांदणीने? पहाटे पाचला, की शाळेतून, वावरातून आल्यावर?

३. ती काय उसनं घेते आणि कशावर जुगाड करते? सीटवर घडी करून बांधलेला टॉवेल, नाडीऐवजी सुतळी, दिव्याऐवजी मोबाइलचा टॉर्च. अशा प्रत्येक जुगाडाखाली एक खरी गरज असते. माझ्या वहीतली सर्वांत उपयोगी नोंद टॉवेलचीच निघाली.

आई तरुण असेल आणि बाळंतपण नुकतंच झालं असेल, तर खरेदी थांबवा. पळणं साधारण पहिले तीन महिने टाळावं आणि नंतरही डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्टला विचारून सुरू करावं. अंगावर पाजत असेपर्यंत छातीचं माप बदलत राहतं, आणि पाऊल गरोदरपणात वाढून तसंच राहू शकतं. जुन्या मापाने घेतलेलं काहीच बसणार नाही.

*तपासा: आईची स्पर्धा, अंतर आणि सरावाची जागा वहीत न बघता सांगता येते का? येत नसेल तर पुढे जाऊ नका.*

टप्पा २: माप घ्या, खरं माप

शिंप्याचा टेप, पुठ्ठा, कागद आणि पेन्सिल एवढंच लागतं. मुलगा माप घेणार असेल तर डोकं आणि पाऊल त्याने घ्यावं, बाकीचं बहिणीने किंवा सुनेने घ्यावं, नाहीतर आईनेच आपल्या हाताने घ्यावं. भेट गुपित राहणार नाही याची खंत नको. न बसणाऱ्या गुपितापेक्षा माहीत असलेली पण बसणारी वस्तू शंभर पटीने बरी.

डोकं: भुवईच्या दोन बोटं वरून, मागे डोक्याच्या सर्वांत फुगीर भागावरून टेप फिरवा. सेंटिमीटरमध्ये लिहा. अंबाडा मानेजवळ खाली बांधलेला असताना एकदा आणि वेणी असताना एकदा, असं दोनदा घ्या. आमची चूक इथेच झाली होती: आईचा अंबाडा उंच, म्हणून हेल्मेट कपाळावर सरकायचं.

पाऊल: संध्याकाळी मोजा, दिवसभराच्या उभं राहण्याने पाय थोडा पसरलेला असतो. भिंतीला टाच लावून कागदावर उभं करा, सर्वांत लांब बोटापर्यंतची लांबी आणि चवड्याची रुंदी दोन्ही लिहा. दोन्ही पाय मोजा, मोठा पाय धरा. जन्मभर चपला घातलेल्या बायकांचा चवडा बहुधा रुंद असतो. नुसत्या लांबीवर घेतलेला बूट मग करंगळी दाबतो.

बैठकीची हाडं: सायकलच्या सीटसाठी हे माप लागतं आणि जवळजवळ कुणीच घेत नाही. पन्हळी पुठ्ठ्याचा तुकडा लाकडी स्टुलावर ठेवा. आईला पातळ कपड्यात त्यावर बसून थोडं पुढे वाकायला सांगा, पाय किंचित वर. मिनिटभराने उठली की पुठ्ठ्यावर दोन खळगे दिसतात. त्यांच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर मोजा आणि त्यात साधारण २ ते ३ सेंटिमीटर मिळवा. तेवढ्या रुंदीच्या आसपासची सीट शोधायची.

धड: छाती, कंबर, नितंब आणि उंची. त्यासोबत खांद्यावरून पुढून खाली, दोन पायांमधून आणि पाठीवरून परत खांद्यापर्यंतचा घेर. ट्रायथलॉनचे अखंड (एकाच तुकड्याचे) सूट याच मापात चुकतात आणि मग खांद्यावर ओढतात. छातीच्या खालचा घेर वेगळा लिहा, स्पोर्ट्स ब्रासाठी.

टप्पा ३: जिवाशी संबंध असलेल्या वस्तू आधी

बजेट काहीही असो, पहिला पैसा इथे. या चार गोष्टी घरात नसतील तर घड्याळ, सूट यांचा विचारही करू नका.

हेल्मेट सायकलचंच हवं. मोटरसायकलचं जड असतं, हवा खेळत नाही आणि आपल्या उन्हात ते घालून दहा किलोमीटरसुद्धा निघत नाहीत. आत ईएन १०७८ (युरोपचं) किंवा सीपीएससी (अमेरिकेचं) असं सुरक्षेचं प्रमाणपत्र छापलेलं आहे का ते बघा. मापांचे गट कंपनीनुसार बदलतात, म्हणून "मीडियम" या शब्दावर जाऊ नका, सेंटिमीटर बघा. आईचं माप दोन गटांच्या सीमेवर असेल तर दुकानात जाऊनच घ्या. घातल्यावर पट्टा न लावता डोकं हलवायला सांगा: हेल्मेट हललं नाही आणि कपाळावर रुतलंही नाही, तर बरोबर. स्पर्धेत स्टँडवरची सायकल उचलण्याआधी हेल्मेट घालून पट्टा लावलेला असावा लागतो, नाहीतर दंड होतो. म्हणून बक्कल ओल्या हाताने चटकन लागतं का, तेही करून बघा.

दिवे दोन: मागे लाल, पुढे पांढरा. कापसाच्या हंगामात पहाटेच्या रस्त्यावर बिनदिव्याच्या बैलबंड्या आणि ट्रॅक्टर असतात, कडेला कुत्री असतात. पुढचा दिवा रस्ता दाखवणारा हवा, नुसता लुकलुकणारा नको. चार्जिंगचा घेतला तर एका चार्जिंगवर किती तास चालतो ते बघा, कारण रात्री भारनियमन झालं की सकाळी दिवा मेलेला असतो. सोबत घोट्याला बांधायच्या चमकणाऱ्या पट्ट्या घ्या. पाय वरखाली होत असल्यामुळे त्या गाडीवाल्याला लांबून कळतात.

उघड्या तलावात पोहत असेल तर कमरेला बांधायचा नारिंगी फुगा. दोन कप्प्यांचा घ्या, एक फुटला तरी दुसरा तरंगतो. त्यासोबत भडक रंगाची टोपी.

चौथी वस्तू स्वस्त आहे: मनगटाचा पट्टा किंवा लॅमिनेट केलेलं कार्ड. त्यावर नाव, रक्तगट, घरचे दोन नंबर. मोबाइलवरून ठिकाण कळवणारी सोय चांगली, पण मेळघाटासारख्या भागात जिथे नेटवर्कच नसतं तिथे कार्डच कामाला येतं.

*सावध: फुगा म्हणजे लाइफ जॅकेट नव्हे. तो आईला दिसतं ठेवतो, वाचवण्याची हमी देत नाही. तलावात एकटीने उतरायचं नाही, काठावर किंवा डोंग्यात माणूस हवाच. भंडारा-गोंदियाकडच्या तलावांत मासेमारीची जाळी आणि शिंगाड्याचे वेल असतात, तलाव अनेकदा मच्छीमार संस्थेकडे असतो. त्यांना विचारूनच जागा आणि वेळ ठरवा. प्लास्टिक अंथरलेल्या शेततळ्यात तर कधीच नाही. ओल्या प्लास्टिकवर पाय ठरत नाही, पोहता येणारा माणूसही बाहेर येऊ शकत नाही.*

टप्पा ४: पाण्यातली खरेदी

गॉगलपासून सुरू करा. पट्टा न लावता गॉगल डोळ्यांवर हलकेच दाबायचा. क्षण-दोन क्षण स्वतःहून चिकटून राहिला तर चेहऱ्याला बसला. हे ऑनलाइन कळत नाही, म्हणून परत करता येईल असाच मागवा. तरण तलावात किंवा पहाटे पोहत असेल तर फिकट काच, उघड्या पाण्यात उन्हात पोहत असेल तर गडद. दूरचं दिसत नसेल तर तयार नंबरचे गॉगल मिळतात, चष्म्याचा कागद सोबत ठेवा. गॉगल आत बोटाने पुसायचा नाही, वाफ न धरण्याचा थर निघून जातो. पोहायच्या दिवशी चेहऱ्याला तेल किंवा क्रीम लावून गेली की कडा घसरते आणि आई म्हणते गॉगल खराब आहे.

टोपी सिलिकॉनची, लांब केसांसाठीची. साधी टोपी अंबाड्यावर ताणली की पोहताना निघते.

वेटसूट घेऊ नका. थंड पाण्यासाठी तो असतो. वर्ल्ड ट्रायथलॉन या खेळाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या नियमांत हौशी गटाला १५०० मीटरपर्यंतच्या पोहण्यात साधारण २२ अंशांच्या वर पाणी गेलं की वेटसूट चालत नाही. आपल्याकडचं आणि गोव्याच्या समुद्राचं पाणी त्याहून बरंच कोमट असतं. हजारो रुपये घालून आणलेला सूट ट्रंकेत राहील.

ट्रायसूट मात्र उपयोगी. तोच घालून पोहायचं, सायकल चालवायची, पळायचं. मधली गादी पातळ असते आणि लवकर वाळते. मी दोन भागांचा, म्हणजे वर बाह्यांचा टॉप आणि खाली गुडघ्यापर्यंतची शॉर्ट, असा घ्यायला सांगते. अखंड सूट दिसायला छान, पण लघवीला जायचं तर सगळा उतरवावा लागतो. पाळी अनियमित झालेल्या वयात तर त्याचा त्रासच. रंग गडद. कोरडा असताना अंगाला घट्ट वाटायला हवा, ओला झाला की थोडा सैलावतो. सरावाला जाताना वरून सलवार-कुर्ता घालता येतो, त्यामुळे गावातून जाताना तिला अवघड वाटत नाही. सूट कितीही चांगला असला आणि तो घालून घराबाहेर पडायचा संकोच असला, तर तिच्यासाठी तो निरुपयोगीच. हे तिच्याशी आधी बोला.

टप्पा ५: सायकल

नवी सायकल गुपचूप आणू नका. उंची, हाताची लांबी, पाठ, सगळं बघून फ्रेम निवडावी लागते आणि ते आई दुकानात असल्याशिवाय होत नाही. आहे त्या सायकलला काय लागतं ते बघा.

पहिली सीट. लांब अंतराला जाड मऊ जेल कव्हर देणं ही मी पाहिलेली सर्वांत नेहमीची चूक. मऊ गादीत हाडं बुडतात, भार मधल्या नाजूक भागावर येतो, तासाभराने बधिरपणा आणि जळजळ. टप्पा २ मधल्या मापाची, मधे खाच असलेली, थोडी कडक सीट घ्या. सोबत गादीची सायकल शॉर्ट. तिच्या आत अंतर्वस्त्र घालायचं नसतं, ही गोष्ट आईला स्पष्ट सांगा, कारण लाजेने कुणी सांगत नाही आणि शिवणीने कातडी सोलवटते.

सीट बदलण्याआधी जुन्या सीटची उंची लिहून ठेवा: पेडलचे दांडे ज्या आसाभोवती फिरतात त्याच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंत. प्रत्येक सीटची जाडी वेगळी असते. नवी बसवल्यावर तेच माप परत लावा, नाहीतर दोन आठवड्यांत गुडघा दुखायला लागतो.

दुसरे टायर. आपल्या रस्त्यांवर बाभळीचे काटे आणि सराटे हेच मोठे शत्रू. काट्याला दाद न देणारा पट्टा असलेले, थोडे रुंद टायर चांगले. पण रुंदी ठरवण्याआधी फ्रेम आणि टायर यांच्यात दोन्ही बाजूंना जागा किती आहे ते मोजा. जुन्या टायरच्या कडेला छापलेला आकडा, उदाहरणार्थ ७०० × २८, फोटो काढून ठेवा.

तिसरी गोष्ट इतकी लहान आहे की कुणाच्या लक्षात येत नाही, आणि नेमकी तीच नसल्यामुळे आई वीस किलोमीटरवर अडकते. रोड सायकलच्या ट्यूबला बहुधा बारीक, लांब प्रेस्टा वॉल्व्ह असतो. गावातल्या पंक्चरवाल्याचा पंप किंवा पेट्रोल पंपावरची हवा त्यावर बसत नाही. पितळी अडॅप्टर अगदी स्वस्त असतो. एक तिच्या सायकलच्या पिशवीत, एक घरी ठेवा. त्यासोबत त्याच मापाच्या दोन ट्यूब, टायर काढायचे दोन लिव्हर आणि हातपंप, एवढं सीटखालच्या लहान पिशवीत बसवून द्या. माझ्या मते ही सीटखालची पिशवी घड्याळापेक्षा मोठी भेट आहे.

*तपासा: आईला स्वतः ट्यूब बदलता येते का? अंगणात एकदा तुमच्यासमोर बदलू द्या. येत नसेल तर पिशवी म्हणजे नुसतं ओझं.*

बुटाला अडकणारी पेडलं पहिली भेट म्हणून देऊ नका. सुटायची सवय होईपर्यंत उभ्या उभ्या पडणं होतंच, आणि पंचेचाळिशीनंतर मनगट मोडलं तर सगळा हंगाम जातो.

टप्पा ६: पळण्याचे बूट आणि बारीकसारीक

बुटाच्या डब्यावर यूके, यूएस, ईयू असे वेगवेगळे आकडे असतात. त्यात गोंधळ होतोच, म्हणून सेंटिमीटरचा आकडा शोधा आणि पायाच्या लांबीशी जुळवा. पुढे अंगठ्याच्या नखाच्या रुंदीएवढी मोकळी जागा हवी. जुने बूट उलटे करून तळ बघा, कुठे झिजलेत. साधारण ५०० ते ८०० किलोमीटरनंतर बूट बदलावे लागतात. ती पांदणीने पळत असेल तर खोल खाचांचे तळवे चांगले, मात्र पावसाळ्यात काळी माती त्यात भरून बूट किलोकिलोचे होतात. त्या महिन्यांत डांबरी रस्ताच बरा.

कमी पैशातल्या दोन वस्तू: ताणणाऱ्या नाड्या, ज्यामुळे ओल्या पायाने बूट झटकन चढतो, आणि नंबर लावायचा कमरेचा पट्टा, जो सायकलवर मागे आणि पळताना पुढे फिरवता येतो.

स्पोर्ट्स ब्रा तिला सोबत नेऊनच घ्या. उड्या मारून बघायची, हात वर केल्यावर खालची पट्टी वर सरकायला नको.

कानात घालायचे इअरफोन नकोत. स्पर्धेत त्यांना बंदी असते, आणि रस्त्यावर मागून येणारा ट्रक ऐकू यायलाच हवा.

टप्पा ७: ऊन आणि पाणी

मार्चपासून जूनपर्यंत आपल्याकडे कडक ऊन असतं, मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो. साध्या बाटलीतलं पाणी तासाभरात चहासारखं होतं. दुहेरी भिंतीच्या दोन बाटल्या आणि फ्रेमला दोन स्टँड द्या. मिठाची भरपाई म्हणून डब्ल्यूएचओ सूत्राचा ओआरएस घ्या, पाकिटावर लिहिलेल्या पाण्यातच विरघळवायचा, बहुतेक मोठी पाकिटं १ लिटरसाठी असतात. अर्ध्या पाण्यात कालवला तर पोट बिघडतं. रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर आधी डॉक्टर.

हातावर पांढऱ्या बाह्या, पळताना छज्जाची टोपी. पैसे असतील तर ट्रेनर, म्हणजे घरात सायकल जागेवरच चालवायचा स्टँड, घ्या. द्रवावर चालणारा किंवा चुंबकाचा घ्या, त्याला वीज लागत नाही. पण पंख्याला लागते, तेव्हा वीज असतानाची वेळ ठरवा.

घड्याळ सर्वांत शेवटी. ५ एटीएम (५० मीटर पाण्याइतका दाब झेलणारं) लिहिलेलं असेल तर पोहायला चालतं. नुसतं आयपी ६८ (धूळ-पाण्यापासून बचावाचा दर्जा) वाचून घेऊ नका. चाळिशीनंतर जवळचं अंधुक होतं आणि सायकलवर वाचायचा चष्मा नसतो, म्हणून आकडे मोठे दिसतात का हे आईच्या डोळ्यांनी तपासा.

टप्पा ८: मागवणं

आधी पिनकोड टाकून दोन गोष्टी बघा: वस्तू गावापर्यंत येते का, आणि परत न्यायला माणूस येतो का. अनेक खेड्यांत पहिली सोय असते, दुसरी नसते. तसं असेल तर तालुक्याच्या किंवा शहरातल्या नातेवाइकाचा पत्ता द्या. परत करायची मुदत वस्तू पोचल्यापासून मोजली जाते, भेट दिल्यापासून नाही. वाढदिवसापर्यंत डबा बंद ठेवला की मुदत संपलेली असते. स्पर्धेच्या निदान दोन महिने आधी मागवा. पोळा ते दिवाळी या काळात कुरिअर उशिरा येतं आणि घरात सोयाबीन-कापसाची धांदल असते, तेव्हा त्याआधीच उरका.

टप्पा ९: द्या आणि महिनाभर लक्ष ठेवा

लेबल न काढता, घरात सतरंजीवर बूट घालून दहा मिनिटं चालू द्या. सूट घालून वाकू द्या, बसू द्या. गॉगल बादलीतल्या पाण्यात चेहरा बुडवून बघू द्या. बिल आणि डबा जपून ठेवा. किंमत विचारलीच तर खरी सांगा. खोटी कमी सांगितली की ती वस्तू शेजारच्या मुलीला देऊन टाकते.

मग तिच्या तोंडाकडे न बघता अंगाकडे बघा. "छान आहे" हे ती म्हणणारच. काखेत, मांडीत, टाचेवर, कपाळावर लाल वळ आहेत का ते विचारा. पहिल्या साधारण ५० किलोमीटरनंतर सीटचे आणि बाटलीच्या स्टँडचे बोल्ट पुन्हा आवळा. आणि स्पर्धेच्या दिवशी नवी वस्तू अंगावर नको: जे काही नेणार ते निदान चार-पाच लांब सरावांत वापरलेलं असावं.

वळ दिसला तर त्याच आठवड्यात बदलून आणा. आमचं दुसरं हेल्मेट दारव्ह्याहून यवतमाळला जाऊन, आईला सोबत नेऊन, अंबाडा खाली बांधून घेतलं. पहिलं कपाटातून काढलं आणि ज्या पुतणीच्या डोक्याचं माप त्याला जुळलं, तिला दिलं.